खाडीकडे जाणारे काका

कोलशेतला आमचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्याआधी तिथून गावाची खाडीवर जायची पायवाट होती. आता तिथे गेट आहे. गावातले एक काका मात्र रोज सकाळी त्याच वाटेने येतात. अर्धी चड्डी, झिजलेल्या चपला, हात पाठीमागे बांधलेले. वॉचमन वही पुढे सरकवतो. काका चष्मा पुसतात, ठळक अक्षरात नाव लिहितात आणि 'कोणाला भेटायचंय' या रकान्यात लिहितात, खाडी. परतताना जाण्याची वेळही टाकतात.

नव्या सेक्रेटरींनी फर्मान काढलं, फ्लॅट नंबर नसेल तर आत सोडायचं नाही. वॉचमनने काकांना अडवलं तेव्हा मी दूध घेऊन येत होतो. भांडण नको म्हणून हळूच म्हटलं, "काका, माझा नंबर लिहा ना."

"तुमच्याकडे कुठे आलोय मी?"

मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"खाडी बघितलीय का तुम्ही?"

"बाल्कनीतून."

"मग चला."

वॉचमनने अडवलं नाही. फ्लॅट नंबर आता काकांच्या मागून दुधाची पिशवी घेऊन चालला होता. मागच्या फाटकाशी ते बाजूला झाले आणि दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं मला म्हणाले, "या."