भुऱ्याचं ‘येतो’

भरवेलीच्या खाण कॉलनीत राहणाऱ्या आनंदीला सवत नव्हती, पण सवतीमत्सर मात्र उदंड होता. आणि तो एका कुत्र्याविषयी.

तिचा नवरा भैयालाल खाणीत फिटर. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली. रोज सकाळी डबा घेऊन निघताना तो दारात थांबायचा आणि म्हणायचा, “येतो, माय.” निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे त्याच्या मायनंच शिकवलेलं. डबा भरणारी आनंदी ओट्यापाशी उभी असायची, पण तिला कोण सांगतो! दोन वर्षांपूर्वी सासू वारली, तेव्हा रडता रडता आनंदीला वाटून गेलं की आता आपला नंबर लागेल. वाटल्याची लाजही वाटली. पण त्याच महिन्यात भैयालालनं खाणीच्या फाटकापाशी सापडलेलं एक भुरकं पिल्लू घरी आणलं, आणि ‘येतो, माय’चं ‘येतो बरं, भुऱ्या’ झालं. आपण वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं आणि मधे कुत्रं घुसावं!

बरं, तो भुऱ्या तरी गुणाचा असावा! मालकाची मोटरसायकल वळली की जो गळा काढायचा, तो पाळी सुटेपर्यंत. दार ओरबाडून खालची फळी त्यानं पार सोलून काढली होती.

“मी घरात जितीजागती बाई बसली आहो,” आनंदी चिडायची, “अन् हा म्हणते मी एकटा!”

शेजारचे राजेंद्र रातपाळी करून दिवसा झोपणारे. त्यांनी शेवटी बजावलं, महिनाभरात कुत्रं गप झालं नाही तर साहेबाकडे अर्ज देईन. भैयालाल म्हणाला, तिरोडीला भावाकडे पाठवून देतो. त्या दिवशी त्यानं डबा भरलेलाच परत आणला. आनंदी माहेरी गेली की हाच माणूस दोन पोळ्या जास्त खायचा. ते तिला फार लागलं.

बालाघाटच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोड सांगितली. आधी नुसते बूट घालायचे आणि परत बसायचं. मग दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग दहा. “और सबसे ज़रूरी बात, जाते समय कुत्ते से कुछ बोलना नहीं. एक शब्द भी नहीं.”

आनंदीचे कान टवकारले. एक शब्दही नाही! कुत्र्याला तिरोडीला धाडण्यापेक्षा हे बरं होतं.

“मी शिकवीन त्याले,” ती म्हणाली.

आणि शिकवलंही. “बूट घाला. बसा. किल्ली उचला. ठेवा.” भैयालाल मुकाट्यानं ऐकायचा. सवयीनं त्याचं तोंड उघडलं की ती असे डोळे वटारायची, की ‘ये’ तिथंच अडकायचा. भुऱ्यासाठी जुन्या लुगड्याच्या चिंधीत वाळकी पोळी गाठ मारून ठेवलेली असायची. तो गाठ सोडवत बसायचा आणि ही घड्याळाकडे बघत त्याच्याशेजारी. बाविसाव्या दिवशी मोटरसायकल वळली आणि भुऱ्यानं नुसती जांभई दिली. शेजारून राजेंद्रांचं घोरणं स्वच्छ ऐकू आलं.

आनंदी जिंकली होती. मग घर इतकं ओकंओकं का वाटत होतं? दोन दिवसांनी पोळ्या लाटताना तिच्या ध्यानात आलं. आधी मायला, मग कुत्र्याला वाढलेला का होईना, तो शब्द उष्टा म्हणून इतकी वर्षं तिच्याही वाट्याला येत होता. आता तिनं आपल्या हातानं ताटच उचललं होतं.

बाहेर भैयालाल मुकाट निघाला होता. किक मारणार, तोच ती पिठाच्या हातांनी फाटकात आली.

“सांगून जाता नाही येत?”

“डॉक्टरीण नाही म्हणली नं!”

“कुत्र्याले सांगू नका म्हणली. मले सांगू नका म्हणली का?”

भैयालाल गडबडला. चोरी करायची असल्यासारखं त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

“येतो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “येतो, आनंदी.”

“हौ,” ती म्हणाली.

मोटरसायकल वळली. मागं उंबऱ्यावर भुऱ्या कान उभे करून उठून बसला होता.

“झोप तू,” आनंदी त्याला म्हणाली. “तुले नाही म्हणलं.”