टोपीचा पिवळा स्वेटर

आमच्याकडे मूल घरात येण्याआधी त्याच्यासाठी काही करून ठेवत नाहीत. ना झबलं, ना टोपरं. मुलाने आणि सुनेने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि अर्ज करून आम्ही सगळे वाट पाहत बसलो, तेव्हाही मी क्रोशाच्या सुईला हात लावला नाही. शेवटी डिसेंबरात संस्थेतून फोन आला. चार वर्षांची मुलगी आहे म्हणाले. सून माझ्याकडे धावत आली, "आई, आता तरी एखादा टोपीचा स्वेटर घ्या विणायले. पोरगी चार वर्षांची हाये, पोटात थोडीच हाये!"

"घरात आली का अजून?" मी म्हटलं. "येऊ दे, मग पाहू."

माझा हेका हा असा. परिणाम काय, तर ऐन थंडीत पोरगी आमच्या घरी आली ती पातळ फ्रॉक आणि ढगळ जॅकेट घालून. दुसऱ्या दिवशी तिला माझ्याच शालीत गुंडाळून पुसदच्या बाजारात लोकर घ्यायला नेलं. माझी मलाच लाज वाटत होती, पण तसं मी कुणाला कळू दिलं नाही.

"कोणता रंग पायजे तुले?"

"कोन्ता बी."

तिचं सगळ्यालाच हे उत्तर होतं. पोळी की भात, काय बी. कुठे निजशील, कुठं बी. पण दुकानदाराने लोकरीच्या गुंड्या पुढे टाकल्या तेव्हा तिचं बोट पिवळीवर जरा जास्त वेळ राहिलं. मी लगेच त्याच गुंड्या बांधायला सांगितल्या.

माप मी वितीनेच घेते. पाठ दोन विती, बाही दीड, आणि वर चार बोटं वाढत्या अंगाची. आधी साखळी, मग खांबावर खांब. आठवडाभर ती शेजारी बसून बघायची. लोकरीला मात्र कधी हात लावला नाही. शेवटी टोपी घेतली, तिलाही सवयीने चार बोटं वाढवली. मुलांचं डोकं हातापायांसारखं भराभर वाढत नसतं, हे तीस वर्षं शाळेत पोरं हाकून मला कळायला हवं होतं.

स्वेटर घातला. बाह्या दुमडून भागलं, पण टोपी थेट नाकापर्यंत आली आणि पोरगी चालायला गेली ती दारावर आपटली. आम्ही हसलो. तीही हसली, आमच्या घरात पहिल्यांदा. मी हसतहसतच म्हटलं, "काढ वं, आण इकडे. उसवतो थोडा."

तिचं हसू मावळलं. तिने एकेक बटण काढलं. खाली बसून स्वेटर फरशीवर पसरला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. रडलीही नाही. मग खुंटीवरचं जुनं जॅकेट काढायला गेली.

सून हळूच म्हणाली, "आई, तिथं संस्थेत कपडे सगळ्यांचेच असतात. धुऊन आले का ज्याले बसतीन त्याले. मांगितलं का द्या लागते."

मला भरून आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. या पोरीला उद्या कुणी चल म्हटलं तर ती आम्हालाही अशीच घडी घालून परत देईल आणि निघून जाईल, असं वाटलं.

मी स्वेटर पुन्हा तिच्या अंगात घातला, तिला मांडीवर घेतलं आणि टोपीची कड आत दुमडून तशीच शिवायला बसले.

"आई, अंगावर?" सून म्हणाली. अंगातला कपडा आमच्याकडे शिवत नाहीत. शिवलाच तर ज्याच्या अंगावर असेल त्याने दाताखाली दोरा धरायचा.

"हो, अंगावरच. लोकरीचा तुकडा दे तिच्या तोंडात."

पोरगी दातात पिवळी लोकर धरून गप्प बसली. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मीच बोलत राहिले. हा तुया हाये, धुतला तरी तुयाच, लहान झाला तरी तुयाच. तिला त्यातलं किती पटलं, काही कळायला मार्ग नव्हता.

संक्रांतीला माझी नणंद तिळगूळ घेऊन आली, सोबत तिचा पाच वर्षांचा नातू. निघता निघता संध्याकाळ झाली, पोरगा शिंकायला लागला. गाडीवर दहा-बारा किलोमीटर जायचं होतं. नणंद आमच्या पोरीला म्हणाली, "दे वं बाई तुया स्वेटर याले. उद्याच पाठवून देतो."

पोरीचा हात बटणावर गेला. मी बोलणार होते, पण जीभ आवरली. मी बोलले असते तर स्वेटर वाचला असता, पण तो माझ्या शब्दावर. तिने पहिलं बटण काढलं, दुसरं काढलं. माझ्याकडे पाहिलं. मग तिने दोन्ही बटणं परत लावली, टोपी डोक्यावर ओढली आणि दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

"नाई देत."

"अवं, एका दिवसाचाच..."

"नाई देत!" आता ती चक्क ओरडली, पाय आपटला आणि भोकाड पसरलं. सून समजूत घालायला पुढे झाली, तिचा हात मी धरून ठेवला. वाटून घ्यावं, दुसऱ्याला द्यावं, हे मी शेकडो पोरांना शिकवलं असेल. त्या संध्याकाळी मात्र मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला पदर शोधावा लागला.

नणंदेचं तोंड उतरलं. "भलतीच हट्टी हाये वहिनी तुमची नात," ती म्हणाली.

"हाये," मी म्हटलं, आणि तिच्या नातवाला गुंडाळायला माझी शाल आणून दिली.