हुरड्यात आलेली तिकिटं

पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवायची आणि डिंक सुटला की वर्तमानपत्रावर वाळत घालायची, हा माझा रविवारचा उद्योग. काल गॅलरीत ज्वारी, गहू, कापूस, तूर अशी पिकांची तिकिटं मांडली आणि तासाभरानं परत आले, तर आई काठी घेऊन त्यांच्यापाशी बसलेली.

हल्ली तिला माझं नावसुद्धा आठवत नाही. लग्नाआधी मात्र ती शेतातल्या माळ्यावर उभी राहून जोंधळ्याची राखण करायची, पाखरांवर गोफण फिरवायची.

“आई, ही टपालाची तिकिटं आहेत गं.”

“मला काय दिसत न्हाई? जोंधळा हाय ह्यो.”

खोटं तरी कुठं होतं? नखाएवढ्या कागदावर भरलेलं कणीस होतं. ते कधी वाळणार नव्हतं, कुणी कापून नेणार नव्हतं. आईचं मात्र एकेक करत सगळंच कुणीतरी नेलं. शेत गेलं, माणसं गेली, त्यांची नावं गेली. राखण तेवढी उरली. तिचं मी काय करू?

“कणसं हुरड्यात आली, आन् पाखरं कशी न्हाईत?” तिनं काळजीनं विचारलं.

गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मीच बसवून घेतली होती. तिकिटं वाळली होती, म्हणून ती उचलायला वाकले.

आईनं काठी उगारली आणि पाखरू आल्याच्या आनंदात माझ्यावर ओरडली, “हाऽऽ! हुर्रऽऽ!”