बंद कपाट पुन्हा बंद

ऑफिसात तिला सगळे ‘पावती’ म्हणत, तोंडावरसुद्धा. कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव चिकटलं, कारण ते खोटं नव्हतं. निरोप पाठवला एवढ्यावर तिचा विश्वास बसत नसे. तो पोचल्याची पावती आली पाहिजे. मेल पाठवून ती स्वतः उठून समोरच्याच्या टेबलाशी जायची आणि विचारायची, “मिळाला ना?” अर्ध्या जिन्यावरून परत फिरून कुलूप ओढून बघायची. “हिने लग्नात नवऱ्याकडून दोनदा ‘हो’ म्हणवून घेतलं असेल,” असं मागे बोललं जाई. नवऱ्याच्या कानावर ते गेलं तेव्हा तो म्हणाला, “दोनदा नाही, तीनदा.”

तिचं काम गॅसच्या मीटरमधल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याचं. नखाएवढी चिप, तिची आठवण ठेवायची ताकद बेताची. मीटरने आपला आकडा दूरच्या सर्व्हरला कळवायचा. नेटवर्क नसेल तर निरोपाने रांगेत थांबायचं, आणि पलीकडून पावती आल्याशिवाय त्याला रांगेतून काढायचं नाही. हा नियम तिने केला नव्हता, पण केल्यासारखा तिला आवडत असे. खोट एवढीच होती, की तयार मिळणारा प्रोग्राम ही रांग तात्पुरत्या मेमरीत ठेवायचा. वीज गेली की रांग पुसली. म्हणून रांग कुठे आणि कशी ठेवायची तो भाग पावतीने स्वतः नव्याने लिहिला. निरोप कायमच्या मेमरीत जातील असं केलं. तिथेही जागा चिमूटभर, तेव्हा एका मीटरच्या निरोपाला एकच कप्पा दिला. नवा निरोप आला की जुन्याच्या जागी बसणार. ताजा आकडा हाताशी असल्यावर शिळा कशाला जपायचा? साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. ते ऐकतानाही तिला वाटत राहिलं, ह्यांचं माझ्याकडे काहीतरी काम अडलेलं असणार.

आई गेल्यापासून बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकटे होते. दिवसभर सोबतीला एक मावशी येत. सकाळची गोळी, दुपारचं जेवण, संध्याकाळचं जेवण आणि त्यानंतरची गोळी दिली की मावशी आपल्या घरी. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा तपासणीत बाबांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी सहज विचारलं, “संध्याकाळची गोळी चुकत नाही ना?”

सहज विचारलेला प्रश्न पावतीच्या मनात सहज राहिला नाही. तिने घरी पडलेली एक चिप घेतली, औषधाच्या कपाटाच्या दाराला लोहचुंबक लावलं, आणि चिपमध्ये आपला ऑफिसातला प्रोग्राम जसाच्या तसा भरला. दार उघडलं की फोनवर ‘उघडलं’, लावलं की ‘बंद’. एक प्रत तिच्या फोनवर, एक धाकट्या भावाच्या. बाबांनाही सांगून ठेवलं.

“हे काय लावताय, ताई?” मावशींनी विचारलं होतं.

“थर्मामीटर. औषधांना उष्णता बाधते.”

“असं होय,” मावशी म्हणाल्या आणि भांडी आवरायला गेल्या.

सकाळचे निरोप नीट येत होते. संध्याकाळी मात्र फोन गप्प. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट: रोज सकाळी पहिल्यांदा नुसतं ‘बंद’ यायचं, आणि त्यानंतर रीतसर ‘उघडलं’, ‘बंद’. बंद असलेलं कपाट पुन्हा बंद कसं होईल?

“मला काय विचित्र वाटत नाही,” भाऊ फोनवर म्हणाला. “संध्याकाळी कपाट उघडतच नाही. म्हणजे गोळी मिळतच नाही. जेवण वाढलं की बाई निघाल्या. गोळीसाठी थांबायला नको.”

“पण पाकिटातल्या गोळ्या बरोबर संपतात, रे.”

“सकाळीच दोन काढायच्या, एक बेसिनमध्ये. अवघड आहे का? आणि बाबांना विचारू नकोस, ते सगळ्याला हो म्हणतात. ताई, पहिल्या तारखेपासून मावशींना नको म्हणून सांगू. बाबांना मी माझ्याकडे आणतो. व्यायामाची सायकल आहे ना, ती खोली देतो.”

बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “बरं. सायकल कुठे जाणार? का दोघांनी आळीपाळीने उभं राहायचं?” पण हसले नाहीत. त्यांच्या खिडकीखाली जो रस्ता होता तो त्यांना तोंडपाठ होता. मुलाच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची.

पावतीला बाबांची दया येत होती, पण तिचं मन यंत्राकडेच झुकत होतं. माणसं सांगताना काही गाळतात, काही घालतात. यंत्र तिने स्वतः घडवलं होतं. सकाळच्या त्या जादा ‘बंद’वर तिने पुष्कळ विचार केला आणि निष्कर्ष काढला, की मावशींना लोहचुंबकाचा पत्ता लागलाय आणि त्या काहीतरी खेळ करतायत. तो डोळ्यांनी बघावा म्हणून महिना संपायच्या आत ती एका संध्याकाळी न कळवता जाऊन थडकली.

“फोन न करता आलीस?” बाबा म्हणाले. “कोण गेलं?”

“कुणी नाही. सहज आले.”

“तू आणि सहज,” बाबा पुटपुटले आणि मावशींना म्हणाले, “अजून एक ताट घ्या.”

जेवणं झाली. पावती कपाटाच्या समोरच बसली होती, फोन मांडीवर उताणा. मावशींनी हात पुसले, कपाट उघडलं, गोळी काढली, कपाट लावलं, बाबांच्या हातात गोळी आणि पाणी दिलं. बाबांनी गोळी गिळली. पावतीच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आज मी बसलेय म्हणून. मग तिने फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता.

“मावशी, कपाट जरा परत उघडा.”

“का?”

“उघडा ना.”

मावशींनी उघडलं आणि लावलं. काही नाही.

“थर्मामीटर बिघडला वाटतं,” मावशी कोरड्या आवाजात म्हणाल्या.

“नेट नाहीये,” बाबा म्हणाले. “तुझा रोजचा फोन होऊन गेला की मी तो डबा बंद करतो. त्याचे दिवे लुकलुकतात, डोळ्यावर येतात. आज फोन नव्हता, तरी जेवायला बसताना सवयीने बंद केला. सकाळी उठलो की लावतो.”

पावतीने उठून राउटर सुरू केला. दिवे एकेक करून लागले. मग फोन थरथरला. ‘बंद’. ती वाट बघत राहिली. पुढे काही आलं नाही.

कपाट तिच्या डोळ्यांदेखत दोनदा उघडलं होतं. तरी खात्री करायची म्हणून तिने राउटर पुन्हा बंद केला, स्वतःच्या हाताने कपाट उघडलं, लावलं, राउटर सुरू केला. पुन्हा एकटं ‘बंद’. तेव्हा तिला आपला तो एकुलता एक कप्पा दिसला. नेट नसताना ‘उघडलं’ येऊन त्यात बसत होतं, आणि मागून आलेलं ‘बंद’ त्याला उठवून स्वतः बसत होतं. मीटरच्या शेवटच्या आकड्यात आधीचे सगळे आकडे असतात. दाराच्या शेवटच्या निरोपात आधीचं काहीच नसतं. रोज संध्याकाळी मावशी गोळी देत होत्या, आणि ती गोष्ट पावतीनेच लिहिलेल्या ओळी पुसून टाकत होत्या.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“मावशी, हे थर्मामीटर नाही.”

“ठाऊक आहे. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? गोळी दिली म्हटलं असतं तर तुम्ही मानलं असतंत?” मावशी टेबल पुसत राहिल्या. “आणि भाऊ परवा जिन्यात फोनवर बोलत होते. मोठ्याने बोलतात ते.”

पावतीने तिथूनच भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत गेला.

“म्हणजे मावशींच्या विरुद्ध पुरावा नाही,” तो शेवटी म्हणाला.

“नाही. मी स्वतः पाहिलं, गोळी दिली त्यांनी.”

“आज. तू समोर बसल्यावर.”

“हो. आज.”

“मग असं कर, ते दुरुस्त कर आणि परत लाव. महिनाभर बघू. खरं असेल तर त्यांना कशाची भीती?”

दुरुस्ती अवघड नव्हती. प्रत्येक निरोपाला स्वतःची जागा द्यायची, आले त्या क्रमाने उभं करायचं. फार तर मेमरीची एक जादा चिप. कोड तिच्या डोळ्यांपुढे ओळीओळीने उभा राहिला, आणि मोहही झाला. एक महिना, आणि मग कायमची खात्री.

मावशी पिशवी खांद्याला लावून दाराशी उभ्या होत्या. भाऊ खरंच मोठ्याने बोलायचा.

“ताई, चूक कुणाचीही होते,” त्या म्हणाल्या. “पण ते दुरुस्त होऊन परत लागणार असेल, तर उद्यापासून दुसरी बघा. माझ्यावर डोळा ठेवून मला काम जमणार नाही.”

बाबा टेबलावरचा एक सुटा कण बोटाने इकडून तिकडे नेत होते.

“ठेवते मी,” पावती फोनमध्ये म्हणाली, आणि भावाचं वाक्य अर्धं असतानाच तो बंद केला. “बाबा, स्क्रू ड्रायव्हर कुठे असतो तुमचा?”

यंत्र निघालं. दाराच्या कडेवर दोन बारीक भोकं राहिली. मावशींनी ती पाहिली, आणि “येते,” एवढंच म्हणून जिना उतरल्या. उद्या येते की नुसतंच येते, हे विचारायला पावती दाराबाहेर गेली होती. कठड्याला धरून उभी राहिली आणि विचारलं नाही.

रात्री ती बाबांकडेच राहिली. सकाळी बाबांनी राउटर लावला, दाढी केली, खिडकीशी बसले. दोघंही जिन्याकडे कान लावून होते आणि दोघंही तसं दाखवत नव्हते. मग पावलं आली. मावशींनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, हात धुतले आणि कपाट उघडलं. गोळी तळहातावर घेऊन त्या बाबांच्या आधी पावतीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बघून घ्या.”

“नको, मावशी. तसं काही नाही,” पावती म्हणाली. पण ते म्हणायच्या आधी तिची नजर तळहाताकडे गेली होती, आणि गोळी पांढरी आहे, अख्खी आहे, एकच आहे, हे तिने पाहून घेतलं होतं. मावशींनीही ते पाहिलं. त्या वळल्या, आणि बाबांनी हात पुढे केला.