सुकटीच्या पिशवीतला बाळ येशू

आंबोलीचा घाट उतरताना एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी माझे प्रवासाचे तत्त्वज्ञान ऐकवत होतो. खोली आधी राखून ठेवायची नाही, पाय नेतील तिथे मुक्काम करायचा, अनोळखी दार ठोठावण्यातच खरा प्रवास, वगैरे.

"आज तारीख किती?" त्यांनी मध्येच विचारले.

"तेवीस."

"डिसेंबरची?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे एकदा करुणेने पाहिले, मफलर कानांवर ओढला आणि झोपून गेले.

मालवणात उतरल्यावर त्या करुणेचा उलगडा झाला. सगळी मुंबई, सगळे पुणे आणि निम्मी आमची सांगलीही माझ्या आधी तिथे येऊन बसली होती. सात लॉजवाल्यांनी नुसती मान हलवली, आठवा हसला. शेवटी एका रिक्षावाल्याला दया आली. किनाऱ्याच्या कडेकडेने, माडांच्या सावलीतून त्याने मला एका लहानशा ख्रिस्ती वाडीत नेले आणि चिऱ्याच्या एका घरासमोर हाक दिली, "इजाबेल मावशे! पावणो हाडलंय!" (पाहुणा आणलाय.)

मावशी सत्तरीच्या पुढच्या. फुलाफुलांचा झगा, पांढरा अंबाडा, आणि समोरच्याचे वजन-मापे घेणारे डोळे. मुलगा मुंबईला नोकरीला, घरात त्या एकट्याच.

"घराक रंग काढलंय, अजून वलो (ओला) आसा. मागचो गोठो रिकामो आसा. गुरां नाय आता. रवतस?"

"राहतो की!" मी म्हणालो.

तशा त्या दाराची चौकट धरून हसायला लागल्या. "लॉजात जागा नाय म्हणान गोठ्यात! बायलेक हाडूक नाय ता बरा केलंस." (बायकोला आणले नाहीस ते बरे केलेस.)

मीही हसलो. न कळलेल्या विनोदाला हसण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

विनोद कळला तो जेवताना. बांगड्याचे तिखले आणि भात झाल्यावर मावशींनी नेवऱ्यांचे ताट पुढे केले. "ही तर करंजी," मी तज्ज्ञपणे म्हणालो. "तुमच्या दिवाळीक ती करंजी, आमच्या नाताळाक नेवरी. खा गप," असे म्हणून त्यांनी मला बेथलेहेमची गोष्ट सांगितली. जोजफ आणि मारिया परगावी आलेली, मारियेचे दिवस भरलेले, धर्मशाळेत जागा नाही. मग गोठ्यात बाळ जन्मले आणि गुरांच्या गव्हाणीत निजवले. "आणि ताच बाळ देव," त्या म्हणाल्या. "देवाचो झील (मुलगा). माणूस होवन इलो."

"एवढा देव, आणि जागा आधी ठरवून नाही आला?"

"तुज्यासारखोच," मावशी म्हणाल्या.

चहा ओतताना त्यांचे हात कापत होते. अर्धा चहा बशीत, थोडा माझ्या पायावर. तेवढ्यात कैतान आला. होड्या दुरुस्त करणारा, आडव्या हाडाचा, पन्नाशीचा माणूस. वाडीच्या कपेलाची (लहान प्रार्थनामंदिराची) व्यवस्था तोच बघतो. माझ्याकडे दुर्लक्ष करून त्याने सरळ विषय काढला.

"मावशे, उद्या मूर्ती पुतणेकडे दी. ती हाडीत."

"पाळी माज्या घराची. मीच हाडतलंय."

"आणि पडली तर?"

"माज्या हातातसून काय पडला आजपावत?"

"काल कप पडलो."

"कप आणि देव एकच काय रे?"

"मावशे, तोच तर माजो मुद्दो."

मावशींनी आपले हात झग्याच्या खिशात घातले आणि कैतान जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. घरातल्या क्रुसाखाली एक वेताची टोपली होती, वर पांढरे जाळीचे कापड. मूर्ती त्यात होती हे मला कळले. उद्या ती कपेलात पोचवायची आहे आणि म्हातारीचे हात कापतात, हेही कळले. बाकी काहीच कळले नव्हते, पण इतक्या माहितीवर मी आयुष्यातले बरेच निर्णय घेतलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या बाजारात जाऊन घरच्यांसाठी शेरभर सुकट घेतली. दुपारी वाडीत परतलो तेव्हा मावशी घरोघरी नेवऱ्यांची ताटे पोचवायला गेल्या होत्या. मी कपेलाकडे वळलो आणि दारातच थांबलो.

पांढरी, एका खोलीएवढी वास्तू. समोर रेती, रेतीवर ओढलेल्या होड्या आणि प्रत्येक होडीच्या काठीला कागदी चांदणी टांगलेली. आत डाव्या कोपऱ्यात कैतानने गोठा उभारला होता. त्यात गाय, गाढव, मेंढपाळ तर होतेच. पण मेंढपाळांच्या मागे खांद्यावर जाळे घेतलेला मातीचा रापणकर आणि डोक्यावर माशांची पाटी घेतलेली बाईसुद्धा देवाला बघायला निघाली होती. सगळ्यांच्या नजरा मधल्या गव्हाणीवर. आणि गव्हाणीत नुसते गवत. इतक्या जणांनी मिळून रिकाम्या जागेकडे असे टक लावून पाहावे, हे बघून मला कसेसेच झाले.

आणि माझ्यातला परोपकारी माणूस जागा झाला. माझे हात स्थिर आहेत. मी मूर्ती आणून ठेवली तर म्हातारीची धास्ती संपेल, कैतानची कटकट संपेल. घरी गेलो, टोपलीतून मूर्ती काढली. वीतभर लांबीची, मातीची, एका करंगळीचे टोक उडालेली, पण चेहरा असा की झोपेत आत्ताच काही आठवून हसलेला. पंच्यात गुंडाळून, उन्हाधुळीचे नको म्हणून खांद्यावरच्या पिशवीत ठेवली आणि कपेलात येऊन गव्हाणीत निजवली. गवत थोडे फुलवले. दोन पावले मागे सरून फोटोही काढला.

फुले घेऊन आलेल्या एका बाईने गव्हाणीतले बाळ बघितले आणि तिच्या हातातली परडी खाली पडली. "अगो बाय! दुपारीच जल्मलो?"

तिच्या मागून कैतान. "काय केलात ह्या तुम्ही?"

"मूर्ती बसवली."

"बसवली! तो काय गणपती आसा?"

मग त्याने मला सांगितले, आणि प्रत्येक वाक्यासरशी मी उंचीने कमी होत गेलो. नाताळाआधीचे चार आठवडे वाट बघण्याचे. गव्हाण मुद्दाम रिकामी ठेवायची. माणसाने आपले आयुष्य त्याच्याविना कसे आहे ते तिच्यात बघायचे. मूर्ती तोवर वाडीतल्या एका घरात राहते आणि चोविसाच्या संध्याकाळी मिस्साला (सामूहिक उपासनेला), गौरवगीत सुरू होऊन घंटा वाजली की त्या घरची बाई ती आणून निजवते. वाडीत पन्नासेक घरे. म्हणजे एका घराची पाळी पन्नास वर्षांनी येते. मावशींच्या घराची मागली पाळी आली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मूर्ती सासूने नेली, यांनी मेणबत्ती धरली.

मी बोलायला तोंड उघडले तेव्हा मावशी दारात होत्या. हातात रिकामे ताट. त्यांनी गव्हाणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ताट खडखडायला लागले.

"मावशी, मला वाटलं, तुमचे हात..." मी म्हणालो. जगातली सगळी वाक्ये मोकळी असताना मला नेमके हेच सापडले.

त्या बाकावर बसल्या. ताट मांडीवर ठेवले. "सगळ्यांकाच तसा वाटता," त्या हळू म्हणाल्या. मग, "कशात हाडलंस?"

मी पिशवी दाखवली. कैतानने ती हुंगली आणि डोळे मिटले. "सुकट! मावशे, देवाक सुकटीच्या पिशवेतसून हाडलो!"

मावशींचा खांदा हलला. मला वाटले, रडतायत. त्या हसत होत्या.

"कैताना, त्या गोठ्यात काय अत्तराचो वास होतो?"

कैतानने पिशवी खाली ठेवली.

"राजाच्या घराक जल्म घेवक तेका कोणी आडवलेला? पण तो माणसांच्या हातात इलो. आणि पयले हात कोणाचे? मारियेचे. तरणा चेडू (पोर), पयलाच बाळंतपण, सोबतीक गुरां. तिचे हात थरथरूक नाय म्हणतस?" त्यांनी आपले दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले, कापत होते तसेच. "चल झिला. उचल तेका आणि घराक हाड. आणि पिशवेत नको."

मी ते बाळ छातीशी धरून त्या रेतीतून चाललो. दीडशे पावले असतील. घामाने निथळलो.

संध्याकाळी सातला कपेल भरून माणसे बाहेर रेतीवर उभी होती. मी मागच्या भिंतीला चिकटलो. आरंभाच्या प्रार्थना झाल्या, गौरवगीत सुरू झाले, घंटा वाजू लागली आणि मावशी दारातून आत आल्या. रेशमी साडी, डोक्यावरून पदर, ओंजळीत बाळ. हात दुपारपेक्षा जास्त कापत होते. बाळ हलत होते, जिवंत असल्यासारखे. मधल्या वाटेत त्या अडखळल्या आणि थांबल्या.

वेदीजवळून कैतान निघाला. आता तो मूर्ती काढून घेणार, असे मला वाटले. तो त्यांच्यासमोर उलटा चालू लागला. आपल्या राकट तळव्यांची ओंजळ त्याने त्यांच्या हातांखाली धरली, चार बोटे अंतर राखून. स्पर्शही केला नाही. पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलापुढे बाप जातो तसा तो मागे मागे जात राहिला. आणि मग मी पाहिले की बाकाबाकावरच्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे हात पुढे आले होते. कोणी कोणाला सांगितले नव्हते. तोंडाने गाणे चालू, आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या तळव्यांची रांग.

मावशी गव्हाणीशी पोचल्या, वाकल्या. बाळ गवतावर टेकले. त्यांनी त्याच्या तुटक्या करंगळीवर बोट ठेवले, आणि तिथेच गुडघे टेकून बसून राहिल्या.

नंतर फादर थोडेसेच बोलले. ज्याने हा समुद्र केला तो आईच्या कुशीत मावेल एवढा झाला, माणसाला वाचवायला माणूसच होऊन आला, भूक, थंडी आणि पुढे मरणसुद्धा घ्यायला. मिस्सा संपल्यावर एकेक जण जाऊन बाळाच्या पायांचे चुंबन घेत होता. मी लांबूनच हात जोडले. मावशींनी मला पाहिले आणि मान तिरकी करून पुढे बोलावले. गेलो. बाळाला सुकटीचा बारीकसा वास येत होता. मावशी खालमानेने हसत होत्या.

पंचविसाला दुपारी परतीची एसटी धरली. आंबोली चढताना धुके होते आणि या वेळी शेजाऱ्याला ऐकवायला माझ्याकडे तत्त्वज्ञान नव्हते. मी गेलो तसाच परत आलो आहे. माझे देव तेच आहेत, देवघर तेच आहे. पण एक गोष्ट सांगून टाकतो. आजवर देवासमोर उभा राहिलो तो त्याने मला सांभाळावे म्हणून. त्या संध्याकाळी, भिंतीला चिकटून उभा असताना, माझे लक्ष खाली गेले तेव्हा माझेही दोन्ही तळवे पुढे आलेले होते. देव पडू नये म्हणून.