मातीच्या गावातलं बाईंचं घर

मी गाव सोडलं तेव्हा मोटार विहिरीपाशी थांबायची. गारगोटीच्या बाजूचं आमचं लहानसं गाव. विहीर गावाच्या मधोमध आणि आमचा महारवाडा ओढ्याच्या पल्याड. म्हणून बा आणि मी ट्रंक घेऊन विहिरीपासनं लांब, बाभळीखाली उभे होतो. माझ्या घशाला कोरड पडलेली. "कोल्हापुरात पी," बा म्हणाला, "तितं नळ हाय." लांबवर मोटारीची धूळ दिसली तशी त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, शब्द शीक आनि शिकीव. शब्दाला इटाळ न्हाय." मला रडू आलं नाही. उलट वाटलं, सुटले एकदाची.

आपल्या वाड्यातले तुम्ही काही जण तिथंच राहिलात, काही मुंबईच्या गिरण्यांत गेलात. तुम्हा सगळ्यांना वाटतं, अनसू शहरात बाई झाली, तिचं भागलं. भागलं की! छत्री आहे, घड्याळ आहे, चपलांचा जोड आहे. राजारामपुरीत खोली बघायला गेले तर मालकीणबाई "या पावणं, बसा" म्हणाल्या, पाटसुद्धा मांडला. मग विचारलं, "कुणापैकी तुम्ही?" मी सांगितलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, खोली कालच दिली हो. शेवटी खोली मिळाली ती आपल्याच लोकांच्या गल्लीत. कुणाशी भांडायचं? भांडायला मला वेळच नव्हता, सकाळी शाळा होती.

माझ्याकडं पहिलीचा वर्ग होता. संस्थान नुकतंच विलीन झालेलं, तेव्हा 'प्रजा' पुसून 'नागरिक' शिकवा असं वरनं सांगणं आलं. मी तर आनंदानं पुसलं. चावडी, पाणवठा, टपाल कचेरी, शेजारी, सार्वजनिक, असे शब्द पोरांना नुसते घोकून यायचे नाहीत. म्हणून दिवाळीत पोरं किल्ला करतात तसं शाळेच्या परड्यात मातीचं गाव करायला घेतलं. एकेक वस्तू बनवायची, तिचं नाव मोठ्यानं म्हणायचं, ती कुणाची ते सांगायचं. "विहीर कुणाची?" मी विचारायची. "सगळ्यांचीऽ!" अख्खा वर्ग ओरडायचा. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दार लावून घ्यायचे इतका दंगा.

तुम्ही हसाल, पण मी मनाशी एक धरलं होतं. घरातले शब्द पक्के व्हायच्या आधी माझे शब्द पोरांच्या तोंडात पडले, तर ही पोरं वेगळी निघतील. माझं सगळं मी ह्याच्यावर लावलं होतं. लग्नाचं स्थळ आलं तर तेही नको म्हणाले.

वर्गात सुमन नावाची चुणचुणीत मुलगी होती. 'सार्वजनिक' हा शब्द तिच्याइतका स्वच्छ कुणी म्हणत नसे. मातीचं गाव पुरं व्हायच्या दिवशी तिनं माझा हात धरून ओढत नेलं. "बाई, बघा, तुमचं घर केलंय!" काय देखणं घर! खापराच्या तुकड्यांची कौलं, दारात तुळस, तुळशीला रांगोळीसुद्धा. आणि ते घर होतं पोरांनी गावाच्या कडेनं काढलेल्या ओढ्याच्या पल्याड, एकटंच.

"इथं का गं?" मी विचारलं.

"तितंच असतंय की," ती म्हणाली. बाकीची पोरंही मान हलवत होती. कुणाच्या मनात वाईट असं काही नव्हतं. असतं तर मी रागावले तरी असते.

पोरं गेल्यावर मी ते घर उचललं आणि विहिरीला लागून ठेवलं. सकाळी आले तर घर परत ओढ्यापल्याड. वर त्याला काटक्यांचं कुंपण घातलेलं, पडू नये म्हणून. "बाई, कुणीतरी चुकीचं ठेवलंतं," सुमन म्हणाली. मी विचारलं, "विहीर कुणाची?" "सगळ्यांचीऽ!" तोच दंगा, तोच आनंद. शब्द त्यांना आले होते. एकही चुकला नव्हता.

पुढच्या वर्षी नवी पोरं आली, नवी माती आणली. मी घराचं नावही काढलं नाही. पोरांनी माझं घर केलं, आणि ठेवलं तिथंच. त्यानंतरच्या वर्षीही तेच.

एका दिवाळीत बा मला न्यायला आला. माझी शाळा बघायची म्हणून हटून बसला. सुट्टी लागलेली, परड्यात कुणी नव्हतं. मातीच्या गावाभोवती तो वाकून वाकून फिरला, चावडी ओळखली, विहीर ओळखली. मग ओढ्यापाशी उकिडवा बसला आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"आगं अनसू, ह्ये तर आपलं घर! बरोब्बर जाग्यावर! पोरांनी कवा बघितलं गं?"

"बघितलं नाही, बा."

"मग तू सांगितलं आसशील."

"मी नाही सांगितलं."

तो हसत माझ्याकडं वळला आणि हळूहळू त्याचं हसू गेलं. मग त्यानं ते कुंपण नीट केलं, हात झटकले आणि म्हणाला, "चल, मोटार चुकंल."

तुम्ही विचारता, आता घर म्हणजे तुला काय वाटतं, गावचं की कोल्हापूरचं. अहो, कुठलं सांगू? मी कुठंही गेले तरी न विचारता लोक मला जिथं नेऊन ठेवतात, तेच माझं घर.