धरणाच्या पोटात
बेसमेंटमध्ये ओल्या सिमेंटचा वास आला, की माझा हात आपोआप भिंतीला जातो. जलसंपदा शिकत असताना आम्ही कोयनानगरला धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे तपासणीच्या अरुंद बोगद्यात, उतरलो होतो. भिंतींतून झिरपलेलं पाणी पायाशी एका नालीतून वाहत होतं. अचानक खालून गुरगुर आली, काँक्रीट हादरलं आणि दिवे गेले. "हलू नगा रं कुणी, बारका भूकंप हाय," आम्हाला घेऊन आलेले धरणावरचे काका म्हणाले, आणि टॉर्च नालीवर धरून पाणी वाढतंय का ते वाकून बघत राहिले. भिंतीपलीकडे अख्खा जलाशय उभा होता. "वाढलं न्हाई. चला वर," ते शेवटी म्हणाले. आज मी मुलांना धरणाची गळती मोजायला शिकवते. काकांच्या हातातला तो टॉर्च किती थरथरत होता, ते मात्र सांगत नाही.